चार धावांवरचा झेल

फलंदाजीला जाण्याआधी लॅम्बर्ट ॲव्हरिलला उलटी व्हायची. काउंटीच्या संघात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणी त्याची चेष्टाही करत नसे. कारण उलटी करून, तोंड धुऊन, पॅडचे पट्टे दोनदा तपासून तो एकदा मैदानात उतरला की निदान तासभर तरी हलायचा नाही. भित्रा म्हणावं तर तसा तो नव्हता. पहिल्या महायुद्धात तीन वर्षं फ्रान्समधल्या खंदकांतून त्यानं जखमींना पाठीवर घालून आणलं होतं आणि तिथं त्याचे हात कधी थरथरले नव्हते. "तिथं सगळेच घाबरलेले असायचे," तो सांगायचा, "त्यामुळे सोबत वाटायची. इथं मैदानात मी एकटाच."

वडील बाजारपेठेच्या गावात डॉक्टर. त्यांना स्वतःला तरुणपणी काउंटीकडून खेळायचं होतं, ते जमलं नाही. मुलगा खेळायला लागल्यापासून मात्र घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी चुकवला नाही. पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर, डावीकडून तिसरी जागा. मुलगा बाद होऊन परतला की ते काही बोलत नसत, नुसतं घड्याळ काढून बघत. लॅम्बर्टला गोलंदाजापेक्षा त्या घड्याळाची धास्ती जास्त.

एकोणीसशे एकवीसच्या जूनमध्ये शेजारच्या काउंटीचा संघ खेळायला आला. तोवर लॅम्बर्टचे पाच डाव फुकट गेले होते. दोनदा शून्य आणि एकदाच कसेबसे अकरा. सामन्याच्या सकाळी न्याहारीला कर्णधार त्याच्या शेजारी येऊन बसला आणि अंड्याचं कवच फोडत म्हणाला, "लॅम्बर्ट, आपल्या अध्यक्ष कर्नलसाहेबांचा पुतण्या पुढच्या आठवड्यात ऑक्सफर्डहून खेळायला मोकळा होतोय. मी काय म्हणतो ते लक्षात येतंय ना तुझ्या?"

"येतंय."

"वाईट वाटून घेऊ नकोस हं. अजून आजचा दिवस आहे."

समोरून गोलंदाजी करायला आला तो एक उंच, काळवंडल्या मानेचा माणूस. खाणीत दगड फोडणारा. नाव कॉगन. त्याला त्यांच्या काउंटीनं तीन सामन्यांपुरतं घेऊन पाहिलं होतं. चालला तर पगारावर ठेवणार, नाही तर परत खाणीत. हा तिसरा सामना होता. शर्टाच्या बाह्या त्याला आखूड होत्या आणि धावत येताना त्याची मनगटं वीतभर बाहेर दिसत.

लॅम्बर्ट चारवर होता. कॉगनचा चेंडू पडला आणि बॅटच्या कडेला लागून गेला. आवाज अगदी बारीक झाला, वाळकी काडी मोडावी तेवढाच. पण ज्याच्या हातात बॅट असते त्याला आवाज ऐकावा लागत नाही, मुठीला कळतं. यष्टिरक्षकानं झेल घेतला. कॉगन दोन्ही हात वर करून पंचाकडे वळला.

लॅम्बर्ट निघालाच होता. एक पाऊल उचललंही होतं. तेवढ्यात त्याची नजर पायऱ्यांकडे गेली. वडिलांचा हात खिशाकडे जात होता. आणि पुढं काय झालं ते तो जन्मभर स्वतःला समजावत राहिला, पण त्याला ते नीट समजलं नाही. त्याच्या डाव्या हातानं उजव्या हाताचं कोपर धरलं आणि चोळलं. एकदा, दोनदा. चेंडू हाताला लागला, दुखतंय, असं.

पंच हा जुना पगारी खेळाडू होता. ऊन डोळ्यांवर येत होतं, झेल त्याला धड दिसला नव्हता, पण चोळणारा हात दिसला. सभ्य घरचा माणूस हात चोळतोय म्हणजे हातालाच लागला असणार. "नाबाद," पंच म्हणाला.

कॉगन परत जाताना लॅम्बर्टजवळून गेला आणि हळूच म्हणाला, "लागला ना हो साहेब?"

लॅम्बर्टनं खाली वाकून बॅटनं खेळपट्टी ठोकली, जणू तिथं काही उंचवटा होता.

त्या डावात त्यानं एकशे सदतीस धावा केल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून आलं की इतका निर्दोष डाव या मोसमात कोणी पाहिला नव्हता. वडिलांनी ते कात्रण चौकटीत बसवून दवाखान्यात लावलं. खोकला दाखवायला आलेला माणूससुद्धा आधी ते वाचायचा.

त्यानंतर लॅम्बर्टची उलटी थांबली, पण झोप गेली. आणखी दोन मोसम तो खेळला, बरा खेळला, आणि मग एक दिवस बॅट ठेवून धर्मशास्त्र शिकायला गेला. आईकडचे एक मामा पाद्री होते, त्यांचं वळण लागलं असं लोक म्हणाले. त्याची स्वतःची समजूत एवढीच होती की देवापुढं माणसानं कितीही हात चोळला तरी तो पंच फसत नाही. तेव्हा तिथंच जाऊन उभं राहावं, म्हणजे फसवायचा मोहच होणार नाही. पण माणसाचा स्वभाव झग्याखाली झाकला जात नाही. बंदराच्या शहरात त्यानं आठ वर्षं दुय्यम पाद्री म्हणून काढली आणि प्रत्येक रविवारी त्याच्या पोटात तोच जुना गोळा उठायचा. प्रवचन तो दोनदा लिहून काढायचा. एक प्रत या खिशात, एक त्या खिशात. न जाणो, एक हरवली तर.

वडील वारले. पुढच्याच वर्षी, एकोणीसशे चौतीस साली, बिशपनं त्याला हेझलकम गावाचं चर्च दिलं. गाव शेजारच्या काउंटीत, टेकडीच्या पोटाशी. वर दगडाची खाण, खाली सफरचंदांच्या बागा. घर मोठं, चूल धूर ओकणारी. लॅम्बर्ट तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा. लग्न केलं नव्हतं. कुणाची जबाबदारी घ्यायची म्हटलं की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

पहिल्या रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चचे कारभारी प्रीडी, गावातले मोठे शेतकरी, त्याला दाराशी एकेकाची ओळख करून देत होते. एक नीटनेटकी, लालबुंद गालांची बाई पुढं आली.

"या मिसेस कॉगन. आपली पेटी याच वाजवतात. आणि हे यांचे यजमान."

मागं उंच माणूस उभा होता. टोपी हातात. केस पांढरे व्हायला लागलेले, कोटाच्या बाह्या आखूड, मनगटं बाहेर.

लॅम्बर्टचा पुढं केलेला हात तसाच राहिला.

रस्त्यावरून जाणाऱ्या खाणीतल्या दोघा-तिघा तरुणांपैकी कोणीतरी जीभ टाळ्याला लावून आवाज केला, "टिक्!" आणि सगळे खो खो हसले. उंच माणसानं वळूनही बघितलं नाही. टोपी घातली, पाद्रीसाहेबांचा हात न धरताच तो फाटकाबाहेर पडला.

"लक्ष देऊ नका हं पाद्रीसाहेब," बाई शरमून म्हणाल्या. "जुनी चेष्टा आहे गावाची."

ती चेष्टा काय होती ते प्रीडींनी त्याच दुपारी, थंड मटण कापता कापता, मोठ्या चवीनं सांगितलं. "अहो, तुमच्याच नावाचं भांडवल आहे ते! हा रूबेन कॉगन त्या सामन्यातनं परत आला, एकही बळी न घेता. काउंटीनं घरी पाठवला. तर इथं येऊन सांगायला लागला, ॲव्हरिल माझ्या चेंडूवर चारवर बाद होता, टिक् असा आवाज झाला, मी ऐकला! आता पेपर आम्हीही वाचतो. निर्दोष डाव म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. तेव्हापासून त्याचं नावच टिक. टिक कॉगन. तुम्ही येणार म्हटल्यावर तर पबात पैजा लागल्या, टिक तोंड कसं दाखवणार म्हणून."

लॅम्बर्टच्या घशात घास अडकला. प्रीडींनी पाणी पुढं केलं.

तेव्हापासून त्याला चैन म्हणून पडेना. रूबेन दर रविवारी बायकोसोबत यायचा आणि शेवटच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला बसायचा. गायचा नाही, गुडघे टेकायचा नाही. नुसता बघायचा. व्यासपीठावर चढताना लॅम्बर्टला पायऱ्या मोजाव्या लागत, नाही तर पाय चुकेल अशी भीती वाटे. पापाची कबुली सगळ्यांनी मिळून म्हणायची वेळ आली की त्याचा आवाज बसायचा. लोकांना वाटायचं, नव्या पाद्रीसाहेबांचा घसा नाजूक आहे. मिसेस कॉगन, हेस्टर, दर शनिवारी शहाजिऱ्याचा केक घेऊन यायची आणि सोबत मध. "घशाला बरा असतो," म्हणायची. गावात त्याच्याशी मनापासून गोड बोलणारी तीच एक. तिचा केक गिळताना त्याच्या मनात पाल चुकचुकायची, आणि पालीचा आवाजही त्याला 'टिक्'च ऐकू यायचा.

सांगून टाकावं, असं तो रोज ठरवत होता. सोमवारी वाटायचं, आठवड्याची सुरुवात आहे, गुरुवारी सांगू. गुरुवारी वाटायचं, रविवार तोंडावर आलाय, लोकांचं मन कशाला विचलित करा. सबब शोधणाऱ्याला पंचांग कधी तोकडं पडत नाही.

सप्टेंबरअखेर प्रीडींच्या कोठारात सुगीचं जेवण झालं. लांब फळ्यांवर चादरी अंथरल्या होत्या. डुकराचं थंड मांस, चीज, लोणच्यातले कांदे, सफरचंदाच्या दारूचे पिंप. सगळं गाव होतं. पेले दोनदोनदा भरून झाले आणि प्रीडी बाकावर उभे राहिले.

"मंडळी! आज तेरा वर्षांचा खटला निकाली काढू. फिर्यादी इथं आहे, आणि आरोपी, माफ करा हं पाद्रीसाहेब, आरोपीही इथंच आहे! बोला साहेब, देवाला स्मरून सांगा. लागला होता की नव्हता?"

टाळ्या पडल्या. कोणी बाक बडवले. "टिक्! टिक्!" करून पोरीबाळीसुद्धा ओरडल्या. लॅम्बर्टनं समोर पाहिलं. रूबेन कॉगन बसल्या जागी ताठ झाला होता. हसत नव्हता, रागावलाही नव्हता. तो नुसती वाट बघत होता. हेस्टर शेजारी मान खाली घालून बसली होती, नवऱ्याची लाज वाटून.

आता, लॅम्बर्टला वाटलं. आताच. तोंड उघडलं. आणि दीडशे चेहरे त्याच्याकडे वळलेले दिसले.

"इतकी वर्षं झाली," तो हसून म्हणाला, "आता कुठं आठवतंय!"

कोठार हास्यानं दणाणून गेलं. "बघ टिक! ज्याचं त्याला आठवत नाही, आणि तू बसलायस जपमाळ ओढत!" रूबेन उठला. पेला पालथा घातला, टोपी डोक्यावर चढवली आणि माणसांमधून वाट काढत बाहेर गेला. हेस्टर पाद्रीसाहेबांजवळ आली. डोळ्यांत पाणी होतं. "त्याच्या वतीनं मी माफी मागते," ती म्हणाली. "मनाचा वाईट नाही हो तो. एवढं एक खूळ डोक्यातनं जात नाही."

लॅम्बर्टनं तिला माफ केलं. म्हणजे, तोंडानं तसं म्हणाला. घरी येऊन त्यानं दार लावलं, कडी लागली का ते तीनदा पाहिलं, आणि कोट न काढताच जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. मैदानावर निदान क्षणभराची चूक होती, हात आपोआप गेला असं म्हणता येत होतं. आज मात्र विचार करायला वेळ मिळाला होता.

पुढच्या रविवारी शेवटचा बाक रिकामा होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. रूबेन पबात जाईनासा झाला, असं कळलं. कोणाशी बोलत नाही. पाद्र्याच्या घरावरून मात्र रोज मुद्दाम वळसा घेऊन जातो. लॅम्बर्ट खिडकीतून त्याची वाट बघायचा. तो दिसला की घाबरायचा, आणि दिसला नाही की जास्त घाबरायचा. खाणीत सुरुंग असतात, कडे असतात. उंच कड्यावर एकटा उभा असलेला माणूस त्याला डोळे मिटले तरी दिसू लागला.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका सकाळी हेस्टर आली. केक नव्हता. टोपी वाकडी बसली होती.

"पाद्रीसाहेब, काल त्यानं एकाला मारलं. खाणीतल्या पोराला. चेष्टा केली म्हणून. दात पडला त्याचा. मुकादम म्हणतो, पुन्हा असं झालं तर घरी बस."

"तो... तो ठीक आहे ना?"

"ठीक कसला! जेवत नाही, बोलत नाही. मी म्हटलं, अरे, एकदा कबूल कर की खोटं बोललो, त्या वेळी तोंड लपवायला काहीतरी सांगितलं. लोक दोन दिवस हसतील आणि विसरतील. तर माझ्याकडे असा बघितला की मला त्याची भीती वाटली. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण कधी वाटली नव्हती." तिनं हातातला रुमाल पिळला. "तुम्ही बोला त्याच्याशी. तुमचं ऐकेल. नका चिडू त्याच्यावर, पण त्याच्याकडनं एवढं कबूल करून घ्या. खोटं पोटात ठेवलं की माणूस सडतो, तुम्हीच नाही का म्हणालात मागच्या महिन्यात?"

म्हणाला होता. दोन्ही खिशांत त्याची प्रत होती.

"चला," लॅम्बर्ट म्हणाला. हे आपण म्हणालो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "आत्ता जाऊ. तुम्हीही या."

चढ अर्ध्या मैलाचा होता. ती वाटभर आभार मानत होती. फाटकापाशी त्याला थांबावं लागलं. कुंपणाला धरून तो वाकला आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा त्याला उलटी झाली. "अरे देवा, आजारी आहात का?" ती म्हणाली. त्यानं मान हलवली आणि तोंड पुसलं.

रूबेन घरामागं वाफ्यातून लीकचे लांबट कांदे उपटत होता. मातीचे हात, खाली ठेवलेली बादली. दोघांना बघून तो सरळ उभा राहिला.

"हिनं आणलं तुम्हाला?"

"मीच आलो. मिस्टर कॉगन, तो चेंडू लागला होता. बॅटच्या कडेला. मला तेव्हाच कळलं होतं. हाताला लागलाच नव्हता. मी हात मुद्दाम चोळला."

मग रूबेननं विचारलं, "पडल्यावर बाहेर वळला ना तो?"

लॅम्बर्टला प्रश्नच कळला नाही. "काय?"

"चेंडू. आत येतोय असं वाटून तुम्ही बॅट घातली, आणि तो बाहेर गेला. गेला ना?"

"हो. अगदी शेवटच्या क्षणी. मला दिसलाच नाही. तसा चेंडू मी पुन्हा कधी खेळलो नाही."

रूबेननं मान हलवली. हातातली लीकची जुडी झटकून त्यानं माती पाडली. "अख्खा हिवाळा लागला होता तो बसवायला. खाणीच्या भिंतीवर खडूनं स्टंप काढून." मग त्याचा चेहरा बदलला. "पण हे मला कशाला सांगता साहेब? मला ठाऊकच आहे. मी तिथंच होतो. तिला सांगा."

हेस्टर बादलीशेजारी मातीतच बसली होती. "सुगीच्या जेवणाला," ती म्हणाली, "तुम्हाला आठवत नव्हतं ना?"

"आठवत होतं."

"आणि मी माफी मागितली तेव्हा?"

"तेव्हाही."

ती उठली. पाद्रीसाहेबांकडे न बघता नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "तेरा वर्षं मी सगळ्यांबरोबर हसले रे तुला," ती म्हणाली. "माझ्या आईसमोर हसले." रूबेननं हात कोटाला पुसले, पण तिला धरलं नाही. त्याला ते सुचलं नसावं. "जा, आत जा. गार वारं आहे," एवढंच तो म्हणाला. ती आत गेली.

"मी रविवारी चर्चमध्ये सांगतो," लॅम्बर्ट म्हणाला. "सगळ्यांसमोर. व्यासपीठावरून."

"तिथं नको."

"का?"

"तिथं तुम्ही बोलता आणि आम्ही गप्प बसतो. उलट विचारायची सोय नाही तिथं. शनिवारी खाण दुपारी एकला सुटते. पबात या."

पुढच्या चार दिवसांत लॅम्बर्टनं काय काय केलं ते सांगून उपयोग नाही. आजारी पडण्याचा विचार केला. बिशपला राजीनामा लिहिला आणि फाडला. शनिवारी एक वाजता तो पबात गेला. तिथं त्यानं आजवर पाऊल ठेवलं नव्हतं, त्यामुळे आत शिरताच सगळ्या माना दाराकडे वळल्या. प्रीडी खिडकीपाशी बसले होते. रूबेन भिंतीला टेकून उभा होता. पुढ्यात पेला नव्हता.

या वेळी लॅम्बर्टच्या खिशात कागद नव्हता. चेंडू लागला होता, मी हात चोळला, पंचाला फसवलं, आणि सुगीच्या जेवणाला तुम्हा सर्वांना फसवलं, एवढं तो अडखळत बोलला. हात त्यानं मागं बांधून घेतले होते.

प्रीडी मोठ्यानं हसायला गेले. "अहो, खेळच तो! एवढं काय मनाला लावून घेता? सगळेच करतात."

"मी नाही केलं," भिंतीकडून रूबेन म्हणाला.

एका म्हाताऱ्या खाणकऱ्यानं पाइप तोंडातून काढला. "म्हणजे ते एकशे सदतीस...?"

"चारच धरा," लॅम्बर्ट म्हणाला.

"आणि ज्याचा दात पडला त्याचं काय?" कोपऱ्यातून एक जण म्हणाला. "तो खर्च कोणाकडं?" कोणीतरी फिस्कन हसलं. लॅम्बर्टनं गंभीरपणे सांगितलं, "माझ्याकडं." आणि तो खरोखर दिलाही.

मन हलकं झालं म्हणावं, तर तसं काही झालं नाही. उलट नव्या काळज्या उभ्या राहिल्या. चर्चमधली निम्मी माणसं यायची बंद झाली. प्रीडींनी बिशपला पत्र लिहिलं की पबात जाऊन तमाशा करणारा पाद्री गावाला नको. बिशपनं बोलावून घेतलं, तासभर ऐकून घेतलं, आणि 'यापुढे अशा गोष्टी आधी मला सांगत जा' एवढं म्हणून परत पाठवलं. क्रिकेटची वार्षिक नोंदवही छापणाऱ्यांना लॅम्बर्टनं कळवलं, की माझे एकशे सदतीस रद्द करा. त्यांचं उत्तर आलं, पंचानं दिलं तेच आम्ही छापतो.

हेस्टरनं पेटी सोडली. नऊ रविवार गाणी पेटीशिवाय झाली. प्रत्येक जण आपापल्या सुरात, आणि सगळ्यांत वाईट सूर पाद्रीसाहेबांचा. दहाव्या रविवारी, नाताळच्या तोंडावर, ती येऊन बसली. "तुमच्यासाठी आले नाही," तिनं पाद्रीसाहेबांना दारातच सांगितलं. "गाणी ऐकवेनात म्हणून आले." केक मात्र पुन्हा आला नाही.

रूबेननं माफ केलं का? त्यानं तसं कधी म्हटलं नाही, लॅम्बर्टनं विचारलं नाही. रस्त्यात भेटले की रूबेन टोपीला बोट लावायचा. 'टिक' हे नाव हळूहळू मागं पडलं. जुन्यांच्या जिभेवर यायचं आणि ते मध्येच थांबायचे. खाणीच्या धुळीनं त्याची छाती धरली आणि एकोणीसशे त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत, दुसरं युद्ध चालू असताना, तो गेला. सत्तेचाळीस वर्षांचा होता.

दफनाच्या आदल्या दिवशी लॅम्बर्ट हेस्टरकडे गेला. रात्रभर त्यानं प्रवचन लिहिलं होतं. त्यात तो सामना होता, तो चेंडू होता, आपली लबाडी होती, तेरा वर्षांची अवहेलना होती. त्यानं ते तिला वाचून दाखवलं. ती सुयांवर मोजे विणत ऐकत होती.

"हे नका बोलू," शेवटी ती म्हणाली.

"मला वाटलं, त्याला न्याय..."

"तीन आठवडे खेळला तो पाद्रीसाहेब. खाणीत तीस वर्षं होता. तुम्ही दोघांनी मिळून त्या एका चेंडूचा आयुष्यभर खुंटा केलात, आणि फिरत राहिलात त्याच्याभोवती. दुसरं काही माहीत आहे का तुम्हाला त्याच्याबद्दल?"

लॅम्बर्टनं आठवून पाहिलं. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"मग जा आणि विचारा," हेस्टर म्हणाली. "अजून उजेड आहे."

कागद तिच्या टेबलावर ठेवून तो खाणीकडे चढला. मुकादमाला विचारलं, सुरुंगवाल्याला विचारलं, दात पडलेल्यालाही विचारलं. तो आता तीन पोरांचा बाप होता. नदीवरच्या नव्या पुलाच्या कमानीचे दगड रूबेननं निवडले होते, हे त्याला कळलं. दगडावर नुसती हातोडी वाजवून आतली चीर तो सांगायचा. सव्वीस साली कडा कोसळला तेव्हा दोघांना त्यानं पायांना धरून ओढून काढलं होतं, आणि त्यातला एक प्रीडींचा भाचा होता. घोड्यांना घाबरायचा. गाजरं मात्र त्यांच्यासाठी खिशात ठेवायचा, आणि दुसऱ्याच्या हातून द्यायचा.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. लॅम्बर्ट पायऱ्या मोजत व्यासपीठावर चढला. खिशात कागद नव्हता. त्यानं पुलापासून सुरुवात केली. घोड्यांपाशी आल्यावर मागच्या बाकांवर खाणकरी हसले, आणि पेटीपाशी बसलेली हेस्टरही, रुमाल तोंडावर धरून, हसली.